कोकमाच्या बाटलीला नाव देताना: कोकणातील लहान उद्योगासाठी ओळख घडवण्याचा क्रम

गणपतीच्या आदल्या आठवड्यात कुडाळच्या बाजारात एक चाकरमानी आमच्या शेजारच्या स्टॉलवर उभे राहून म्हणत होते, “गेल्या मे म्हयन्यात हयसूनच आगळ न्हेललंय. नाव काय ता आठवणा नाय, पण झाकणार हिरवी पट्टी होती.” ती हिरवी पट्टी आमची होती. परंतु शेजारच्या बाटल्यांवरही तशीच पट्टी होती, कारण दोघांनीही ती एकाच दुकानातून आणली होती. त्या गृहस्थांनी तिथून सहा बाटल्या घेतल्या, आणि मी व माझी जाऊ दोन हातांच्या अंतरावर उभ्या राहून ते पाहत राहिलो. आगळ आवडूनही गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते, कारण आपल्याला नावाने मागण्याची सोय आपणच त्याला दिलेली नसते.

आम्ही दोघी आगळ, अमृत कोकम आणि अमसुले करतो. आमच्या मालाची ओळख घडवताना आम्ही सगळी कामे उलट्या क्रमाने केली: आधी चिन्ह काढून घेतले, मग लेबले छापली आणि सर्वांत शेवटी ते नाव आपल्याला वापरता येईल का, हे तपासले. खाली जो क्रम दिला आहे तो आम्हाला उशिरा कळलेला आहे. उदाहरणे बाटलीबंद खाद्यपदार्थांची असली, तरी पहिल्या पाच पायऱ्या खानावळ, घरगुती निवास किंवा काजूच्या छोट्या कारखान्यालाही तितक्याच लागू पडतात.

१. माल कोण नेतो, हे आधी कागदावर लिहा

कोकणात गिऱ्हाईक साधारण तीन प्रकारचे असते. गावातले गिऱ्हाईक सुटा माल पाहून, चव घेऊन आणि भाव माहीत असताना घेते. त्याला लेबलाची फारशी गरज नसते. चाकरमानी मे महिन्यात, गणपतीत आणि शिमग्याला येतो, त्याला चव ओळखीची असते आणि बाटली रेल्वेत किंवा रातराणीत आडवी पडली तरी गळू नये, एवढीच त्याची मुख्य अपेक्षा असते. पर्यटकाला मात्र वस्तू काय आहे हेच पुष्कळदा ठाऊक नसते.

आमच्याकडे आलेल्या तक्रारींपैकी सर्वाधिक तक्रारी ‘सरबत खारट निघाले’ अशा होत्या. आगळ म्हणजे मीठ घातलेला रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, रस, तो सोलकढीसाठी आणि आमटीसाठी असतो, आणि सरबतासाठी साखरेतले अमृत कोकम घ्यायचे असते, हे कुडाळात कोणाला सांगावे लागत नाही. पुण्याच्या पाहुण्याला सांगावे लागते. शेवटी आम्ही आगळाच्या लेबलावर ‘सोलकढीसाठी’ आणि अमृत कोकमाच्या लेबलावर ‘सरबतासाठी’ हे शब्द मालाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत घातले. माझ्या मते आमच्या ओळखीत या दोन शब्दांचा वाटा चिन्हापेक्षा मोठा आहे. तुमचा माल घेणाऱ्याचा नेमका गोंधळ कुठे होतो, ते शोधा, कारण लेबलावर पहिली जागा त्या उत्तराची असते.

२. नाव निवडा, पण गावाचे आणि फळाचे नाव टाळा

आमच्या पहिल्या यादीत चौदा नावे होती आणि त्यांपैकी नऊ नावांत ‘कोकण’, ‘मालवणी’ किंवा ‘सिंधुदुर्ग’ हे शब्द होते. हे स्वाभाविक आहे, परंतु उपयोगाचे नाही. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम ९ नुसार मालाचे केवळ वर्णन करणारे किंवा तो कुठून आला एवढेच सांगणारे शब्द सहसा नोंदवता येत नाहीत, आणि नोंदवता येत नाही ते नाव शेजाऱ्याने वापरले तर त्याला अडवणेही कठीण होते. शिवाय महामार्गालगतच्या दुकानांच्या पाट्या वाचत गेलात, तर ‘कोकण’ या शब्दाने सुरू होणारी इतकी नावे दिसतात की त्यांतले एकही लक्षात राहत नाही. ग्रामदेवतेच्या नावाचेही तसेच आहे. श्रद्धा म्हणून ते नाव देवळीत आणि बिलावर असावे, मात्र एकाच देवाच्या नावाने एकाच तालुक्यात कितीतरी धंदे चालतात.

येथे भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे विशिष्ट भागातल्या मालाला मिळणाऱ्या जीआय नोंदणीचा, एक वेगळा सापळा आहे. हापूस या नावाला २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे कोकम आणि वेंगुर्ल्याचा काजू यांनाही ते आहे. असे मानांकन एका माणसाच्या मालकीचे नसते, ते त्या भागातील उत्पादकांचे सामाईक असते. मानांकनाचे बोधचिन्ह डब्यावर छापायचे असेल, तर चेन्नई येथील भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयाकडे ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. ही नोंद जरूर करा, तिचा उपयोग होतो. परंतु तिला स्वतःच्या नावाचा पर्याय समजू नका. ती तुमच्या फळाची ओळख आहे, आणि तुमच्या शेजाऱ्याच्या फळाचीही तीच आहे.

मग नाव कुठून आणायचे? वाडीत तुमच्या घराला ज्या नावाने ओळखतात ते, एखादे विस्मरणात गेलेले भांडे, शेताच्या कुणग्याचे नाव, आजीच्या तोंडचा एखादा शब्द, अशा ठिकाणी शोधा. आमचे नाव घराच्या जुन्या ओळखीवरून आले. ते येथे लिहीत नाही, कारण मग हा लेख जाहिरात वाटू लागेल. सापडलेले नाव तीन प्रकारे तपासा. पहिले म्हणजे, रेंज कमी असलेल्या फोनवर ते एकदाच उच्चारून समोरच्याला लिहून घ्यायला सांगा. दुसरे, मराठी न येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून ते वाचून घ्या आणि त्याच्या भाषेत त्याचा काही वावगा अर्थ होतो का, ते विचारा. तिसरे, रोमन लिपीत त्याचे एकच स्पेलिंग ठरवा आणि ते कधीही बदलू नका. ज्या नावात ‘ळ’ आहे त्याला येथे सर्वाधिक त्रास होतो, कारण रोमन लिपीत ‘ळ’ नाही आणि मुंबईचे गिऱ्हाईक इंटरनेटवर ते नाव तीन तऱ्हांनी शोधते.

३. छापण्याआधी शोध घ्या

भारत सरकारच्या बौद्धिक संपदा कार्यालयाच्या संकेतस्थळावर ट्रेडमार्कचा सार्वजनिक शोध विनामूल्य घेता येतो. त्यासाठी नाव आणि मालाचा वर्ग क्रमांक लागतो. एकूण ४५ वर्ग आहेत. आपल्याकडे सहसा लागणारे असे: सुकवलेली व टिकवलेली फळे, लोणची आणि प्रक्रिया केलेला काजू २९ मध्ये, मसाले आणि पिठे ३० मध्ये, ताजी फळे ३१ मध्ये, सरबते आणि फळांचे रस ३२ मध्ये, खानावळ आणि निवास ४३ मध्ये. शोध घेताना हुबेहूब नाव टाकून थांबू नका, उच्चारसाम्याचा पर्यायही वापरा आणि लगतचे वर्गही पाहा. कायदा ‘तेच’ नावाबरोबर ‘गोंधळ होईल इतके सारखे’ नावही अडवतो.

आम्ही हे केले नव्हते. दोन हजार लेबले छापून आल्यावर एका ओळखीच्या वकिलांनी सहज शोध घेतला, तेव्हा आमच्या नावात केवळ एका मात्रेचा फरक असलेले नाव ३२ व्या वर्गात आधीच नोंदलेले निघाले. ती लेबले अजून माळ्यावर आहेत.

त्याच दिवशी डोमेन, इन्स्टाग्राम आणि गूगल नकाशावरही तेच नाव शोधा. डोमेन मोकळे असेल तर संकेतस्थळ लगेच करायचे नसले तरी ते घेऊन ठेवा.

४. नाव नोंदवा

वकील किंवा ट्रेडमार्क एजंट नेमला तर सोयीचे होते, परंतु अर्ज स्वतःलाही करता येतो. टीएम-ए हा अर्ज ऑनलाइन भरताना व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क आहे, इतरांना ९,००० रुपये. लघुउद्योग म्हणून सवलत हवी असेल तर उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा दाखला, जोडावे लागते. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत आहे; तिच्यासाठी पैसे मागणारी, सरकारी भासणारी खासगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत आणि त्यांना पैसे देऊन बसलेले किमान चार जण माझ्या परिचयात आहेत. शंका असल्यास जिल्हा उद्योग केंद्रात, म्हणजे सिंधुदुर्गकरांनी ओरोसला आणि रत्नागिरीकरांनी रत्नागिरीला, जाऊन विचारावे.

हाताशी ठेवायची कागदपत्रे:

• आधार आणि पॅन. भागीदारी असल्यास भागीदारीपत्र, बचत गट असल्यास गटाचा ठराव
• उद्यम प्रमाणपत्र
• चिन्ह नोंदवायचे असल्यास त्याची स्वच्छ जेपीईजी प्रत
• नाव आधीपासून वापरात असल्यास पहिले बिल, जुने लेबल, तारखेसह छायाचित्रे आणि त्यांच्या आधारे केलेले प्रतिज्ञापत्र
• मराठी नावाचे रोमन लिप्यंतर आणि त्याचा अर्थ
• एजंट नेमल्यास त्याच्या नावे मुखत्यारपत्र

पैसे एकाच अर्जापुरते असतील, तर आधी चित्राविना केवळ शब्द नोंदवा, असे मी सुचवीन. चिन्ह पुढे बदलते, शब्द बदलत नाही. वापर कधीपासून सुरू आहे ही तारीख लिहिताना अंदाज करू नका, कारण पुढे वाद झाला तर त्या तारखेचा पुरावा मागितला जातो. पहिली विक्री अजून झालेली नसेल, तर ‘वापरण्याचा विचार आहे’ हा पर्याय निवडावा.

अर्ज केल्यानंतर काही काळाने स्थितीच्या रकान्यात ‘ऑब्जेक्टेड’ असा शब्द दिसला, तर घाबरून अर्ज सोडून देऊ नका. आम्ही जवळजवळ सोडलाच होता. त्याचा अर्थ एवढाच असतो की परीक्षकाने काही हरकती नोंदवून अहवाल पाठवला आहे, आणि त्याला एक महिन्याच्या आत उत्तर द्यायचे आहे. ही मुदत चुकली तर मात्र अर्ज सोडून दिला असे धरले जाऊ शकते. ‘अपोज्ड’ हा शब्द निराळा आहे, त्यात दुसऱ्या एखाद्या व्यावसायिकाने विरोध केलेला असतो. नाव स्वीकारले गेले की ते ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होते आणि विरोधासाठी चार महिने मोकळे ठेवले जातात. अर्ज सार्वजनिक झाला की अनोळखी एजंटांचे फोन सुरू होतात, त्यांच्या घाईला भुलू नये.

अर्ज केल्याबरोबर नावापुढे ‘टीएम’ ही अक्षरे लावता येतात. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी प्रमाणपत्र हाती आल्यावरच लावायचा. त्याआधी तो वापरणे गुन्हा आहे. छपाईवाले तो शोभेसाठी आपणहून टाकतात, म्हणून प्रूफ तपासताना तिकडे लक्ष द्या.

५. चिन्ह, रंग आणि अक्षर

माड, होडी, मावळता सूर्य आणि आंबा या चार गोष्टी कागदावर काढा आणि कागद बाजूला ठेवा. त्या सुंदर आहेत, पण त्या सगळ्यांच्या आहेत. आपल्या मालाजवळ पाहिले तर याहून नेमके काही सापडते. रातांब्याचा आडवा छेद, त्यातल्या बियांची मांडणी, अमसुलांचा सुरकुतलेला कडा, जांभ्या दगडाचा खडबडीत पोत, वाळवणीची रोवळी यांपैकी एकच निवडा आणि तिची रेष जितकी कमी करता येईल तितकी करा. आमच्या पहिल्या चिन्हात घर, विहीर, माड आणि पाटावर बसलेली आजी असे सारे होते. बाटलीच्या झाकणावर छापल्यावर आजी ठिपक्याएवढी दिसू लागली.

म्हणून कसोटी अशी ठेवा: चिन्ह झाकणाएवढ्या आकारात, एकाच काळ्या रंगात, रबरी शिक्क्याने पुठ्ठ्यावर उमटवून पाहा. तेथे ओळखू आले तर फलकावर ते नक्कीच ओळखू येईल.

पिंगुळीची चित्रकथी किंवा सावंतवाडीची गंजिफा यांच्यासारखी रेष वापरण्याचा मोह येथे सगळ्यांनाच होतो. तसे करायचे असेल तर ते काम करणाऱ्या कलावंताकडून, मोबदला देऊन, तुमच्यासाठी नवे चित्र करून घ्या. इंटरनेटवरचे छायाचित्र उचलून लेबलावर टाकणे हे चोरीचे काम आहे, आणि ज्यांचे चित्र उचलले ते लोक आपल्याच जिल्ह्यात राहतात.

रंग दोनच ठेवा. कोकमाचा गडद तांबडा रंग उन्हात ठेवलेल्या बाटलीत काही महिन्यांत तपकिरीकडे झुकतो, हे आम्ही शिकलो ते लेबलही त्याच तांबड्या रंगाचे केल्यावर. नव्या लेबलाशेजारी जुना रस अधिकच जुना दिसू लागला. आता लेबल फिकट पिवळसर आहे आणि अक्षरे तांबडी. ठरलेल्या रंगाचे सीएमवायके आकडे, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे प्रमाण, चिन्ह करणाऱ्याकडून लिहून घ्या, नाहीतर कुडाळात छापलेला रंग आणि कोल्हापुरात छापलेला रंग यांत सख्ख्या भावंडांचे नाते उरत नाही.

अक्षराकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो. पुष्कळ छापखाने अजून जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये मराठी जुळवतात. तो मजकूर छापील कागदावर ठीक दिसतो, पण तोच व्हॉट्सअॅपवर किंवा संकेतस्थळावर चिकटवला की चिन्हांचा पसारा होतो आणि सगळे पुन्हा टाइप करावे लागते. त्यामुळे युनिकोड फॉन्टचाच आग्रह धरा. मुक्त आणि बलू यांसारखे खुल्या परवान्याचे देवनागरी फॉन्ट विनामूल्य मिळतात आणि व्यावसायिक कामासाठी वापरता येतात. निवडलेल्या फॉन्टमध्ये आपल्या नावातली जोडाक्षरे, रफार आणि उकार लहान आकारात मिटत नाहीत ना, ते छापून पाहावे.

चिन्ह करणाऱ्याशी व्यवहार लेखी करा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार बाहेरच्या कलाकाराने केलेल्या अशा चित्राचा हक्क सहसा त्याच्याकडेच राहतो. तुम्ही पैसे दिले म्हणून तो आपोआप तुमचा होत नाही. हक्क लेखी हस्तांतरित करून घ्यावा लागतो आणि त्या कागदात मुदत व प्रदेश लिहावा लागतो, कारण मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचेच आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच धरले जाते. एका पानाचा करार पुरतो. सोबत चिन्ह ज्यात काढले त्या कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटरच्या मूळ फाइली, म्हणजे सीडीआर किंवा एआय, शिवाय पीडीएफ आणि पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, ताब्यात घ्या. छापखाना बदलताना मूळ फाइल मिळत नाही म्हणून चिन्ह पुन्हा काढून घेणारे लोक मी पाहिले आहेत.

६. लेबल: सजावटीआधी सक्तीचा मजकूर

खाद्यपदार्थासाठी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना लागतो. दोहोंपैकी काय लागेल ते वार्षिक उलाढालीवर ठरते, आणि अर्ज त्यांच्याच फॉसकॉस संकेतस्थळावर होतो. मिळालेला १४ अंकी क्रमांक लेबलावर छापायचा असतो. त्याखेरीज पदार्थाचे नाव, घटक पदार्थ प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने, पोषणमूल्ये, शाकाहाराचे हिरव्या चौकटीतले हिरवे वर्तुळ, निव्वळ वजन किंवा माप, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि वापरण्याची मुदत, उत्पादकाचे नाव व पत्ता, सर्व करांसह किरकोळ किंमत, एकक विक्री किंमत (म्हणजे दर ग्रॅमला किंवा मिलिलिटरला पडणारी किंमत) आणि तक्रारीसाठी संपर्क हा मजकूर बसवावा लागतो. यातला काही भाग खाद्यसुरक्षेच्या आणि काही २०११ च्या आवेष्टित वस्तूंविषयीच्या वैधमापन नियमांचा आहे, आणि अक्षरांची किमान उंचीही ठरलेली आहे. चिन्ह करणाऱ्याला हा मजकूर पहिल्याच दिवशी द्या. आधी सुंदर लेबल करून मग त्यात हे कोंबायला गेलात, तर लेबलाची वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस होते.

दोन शब्द आपल्याकडे सर्रास छापले जातात आणि दोन्ही अडचणीचे आहेत. एक ‘घरगुती’. गिऱ्हाइकाची दिशाभूल होईल अशा रीतीने घरी बनवल्याचा दावा लेबलावर करण्यास २०१८ च्या दावे आणि जाहिरातींविषयीच्या नियमांनुसार मनाई आहे. माल शेडमध्ये, यंत्रावर होत असेल तर तो शब्द काढून टाका. दुसरा शब्द ‘पित्तनाशक’. कोकम पित्तावर बरे, हे आपली आजी सांगते आणि सांगू दे, पण अन्नाच्या लेबलावर रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही.

कागद निवडताना जुलै महिना डोळ्यांसमोर ठेवा. साध्या क्रोमो कागदाचे स्टिकर दमट हवेत कडेने सुटतात, आणि फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटला की शाई पसरते. प्लॅस्टिक फिल्मचे स्टिकर थोडे महाग पडतात, पण टिकतात. पूर्ण छापील पाउच करून घ्यायचा असेल तर प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर लागतो आणि मोठ्या संख्येने छापावे लागते, त्यामुळे सुरुवातीला साध्या पाउचवर स्टिकर लावणेच परवडते. पहिल्या खेपेला पाचशेपेक्षा जास्त लेबले छापू नका. चूक सापडणारच.

७. पाटी, फोन आणि पैसे

दुकानाची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असणे बंधनकारक आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही ते लागू आहे. मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. लेबलावरचे अक्षर आणि पाटीवरचे अक्षर एकच ठेवा. रंगाऱ्याला चिन्हाची छापील प्रत आणि मोजमाप द्या, तोंडी सांगू नका.

धंद्यासाठी वेगळा फोन नंबर घ्या, कारण लेबलावर छापलेला नंबर पुढची कित्येक वर्षे बदलता येत नाही. क्यूआर कोडचीही एक गंमत आहे: गिऱ्हाइकाने पैसे पाठवताना त्याच्या पडद्यावर बँक खात्यावरचे नाव येते. बाटलीवर एक नाव, पाटीवर तेच आणि पडद्यावर माझ्या सासऱ्यांचे नाव, असे आमच्याकडे वर्षभर चालले, आणि प्रत्येक तिसरे गिऱ्हाईक ‘पैसे बरोबर गेले ना?’ असे विचारत असे. उद्यम प्रमाणपत्राच्या आधारे धंद्याच्या नावाने चालू खाते उघडल्यावर हा प्रश्न मिटला.

८. एक फाइल, एक वही

ट्रेडमार्कचा अर्ज क्रमांक, उद्यम आणि एफएसएसएआयची कागदपत्रे, चिन्हाचा करार, रंगांचे आकडे, फॉन्टचे नाव आणि प्रत्येक छपाईचा एक नमुना हे सगळे एका फाइलीत ठेवा, आणि मूळ फाइली मेघसाठ्यावर व पेनड्राइव्हवर अशा दोन्हीकडे ठेवा. पावसाळ्यात आमच्या घरातला एक संगणक बुरशीने गेला आहे. वहीत हंगामवार नोंद करा: रातांबे कोणत्या वाडीचे, मीठ किती, बॅच कोणती, तक्रार काय आली. पुढच्या मे महिन्यात कोणी नावाने आगळ मागायला आले, तर त्याला गेल्या वर्षीचीच चव मिळावी यासाठी ही वही लागते.

ट्रेडमार्कची नोंदणी अर्जाच्या तारखेपासून १० वर्षे चालते आणि नंतर शुल्क भरून वाढवता येते. ती तारीख फाइलीच्या आतल्या बाजूला ठळक लिहा आणि घरातल्या सर्वांत धाकट्या माणसाला दाखवून ठेवा. आमच्याकडे ते काम जावेच्या मुलीकडे दिले आहे.